तिसरा भाग की पाचवा

चंद्रप्रकाश हिवाळेला शिसारी यायला फारसं काही लागत नसे. कुणी चहाच्या बशीत बिडी विझवली, कुणी बोटाला थुंकी लावून कागद उलटले, की त्याचं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं. मरोळच्या एका कारखान्यात तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. पंपाचे सुटे भाग यायचे, तो ते मोजायचा, केसभर फरक दिसला तरी बाजूला काढायचा. न मोजता ‘ओके’चा शिक्का मारणाऱ्यांशी तो आठ-आठ दिवस बोलायचा नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बायको माधुरी आणि बारावीतली मुलगी श्रुतिका यांच्यासोबत राहायचा. ऑफिसात त्याला मागून ‘खडूस’ म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं.

पण सगळ्यात जास्त शिसारी त्याला यायची ती उत्तरं बघून डिटेक्टिव्ह गेम खेळणाऱ्यांची.

नोरा क्विल नावाच्या एका गुप्तहेर बाईचे कॉम्प्युटर गेम आहेत. एकूण चौदा भाग. प्रत्येक भागात ती कुठल्यातरी परक्या गावात पोचते, तिथे काहीतरी चोरीला जातं किंवा कुणीतरी गायब होतं, आणि मग खेळणाऱ्याने खोल्या धुंडाळायच्या, माणसांशी बोलायचं, कोडी सोडवायची, शेवटी गुन्हेगार पकडायचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी चंद्रप्रकाश साधा फिटर होता तेव्हा वर्कशॉपच्या मालकाने एक जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. तो त्याने घरी आणला. आत पहिल्या भागाची सीडी तशीच राहिलेली. चंद्रप्रकाशचं इंग्रजी तेव्हा यथातथाच. त्याने शब्दकोश मांडीवर घेतला, एकेक वाक्य थांबवून वाचलं, वहीत अर्थ लिहिले. तो भाग संपवायला त्याला चार महिने लागले. दुसऱ्याला तीन. पाचव्यापर्यंत शब्दकोश फळीवर गेला. पुढे इन्स्पेक्टरच्या जागेसाठी परीक्षा झाली, ड्रॉइंग वाचायची, इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. चौघांतून तो एकटा पास झाला. “माझी शाळा घाटकोपरला झाली आणि कॉलेज नोराकडे,” असं तो क्वचित कधी मूड असला तर सांगायचा.

मुंबईत असे नोराचे वेडे आणखी आहेत हे त्याला श्रुतिकाने शोधून दिलं. फोनवर त्यांचा ग्रुप होता. तीसेक माणसं, त्यातली बोलणारी चार-पाच. तिथे चंद्रप्रकाशचा ‘सीपी’ झाला. ग्रुप चालवायचा अनिरुद्ध, पार्ल्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याचं व्हिडिओचं चॅनलही होतं. घाटकोपरचा हर्षद, कपड्यांच्या धंद्यातला, सारखा हसणारा. आणि वसुधाताई, पार्ल्याच्याच, निवृत्त शिक्षिका. फेब्रुवारीत अनिरुद्धने जाहीर केलं की मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता ते समोरासमोर बसून ठरवायचं, आणि त्याचा व्हिडिओ करायचा. रविवारी चार वाजता, त्याच्या घरी.

चंद्रप्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून, वही पिशवीत टाकून गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो नोराबद्दल घराबाहेरच्या माणसांशी तोंडाने बोलणार होता.

हॉलमध्ये स्टँडवर कॅमेरा लावला होता. अनिरुद्धने बसल्या बसल्या तोफ डागली. “तिसरा भाग. बर्फातलं हॉटेल. चर्चा संपली.”

“का पण?” वसुधाताई म्हणाल्या. “मला अकरावा आवडतो बाई. ते बेट, ती पत्रं. माणसं कशी सावकाश उलगडतात.”

“अकरावा म्हणजे झोपेची गोळी, ताई,” हर्षद म्हणाला. “नववा बेस्ट. थिएटरवाला. त्यात हिंटचं बटण आहे. अडकलं की दाबायचं, काम झालं.”

चंद्रप्रकाशच्या घशाशी नेहमीचं कडू आलं. त्याची पाळी आली तेव्हा त्याने वही उघडली.

“पाचवा,” तो म्हणाला. “मिठागराचा. त्यात कोठाराची भिंत बाहेरून मोजली तर बावीस फूट आहे, आतून एकोणीस. गेम तुम्हाला हे कुठेही सांगत नाही. टेप तुमच्या हातात असते, मोजायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. ज्याने मोजलं त्यालाच चोरखोली सापडते. आणि गुन्हेगार सापडतो तो त्याने केलेल्या कामावरून, तो कोण आहे यावरून नाही.”

“वा,” वसुधाताई म्हणाल्या.

“बोअर,” अनिरुद्ध म्हणाला. “तिसऱ्यातला ट्विस्ट बघ ना, सीपी. हिऱ्यांचा हार जातो. काउंट आहे, डॉक्टर आहे, नटी आहे, सगळ्यांवर संशय. आणि शेवटी कोण? खोल्या झाडणारी मोलकरीण! जिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.”

“तिच्याविरुद्ध पुरावा काय आहे?”

“हार तिच्या पिशवीत सापडतो की!”

“पिशवीत कोणीही टाकेल. दुसरा काय?”

अनिरुद्ध हसला. “गेम आहे यार. कोर्ट नाही.”

“तो पुरावा नाही. लिहिणाऱ्याचा आळस आहे तो. पूर्ण भागात त्या बाईला बोलायला सहा वाक्यं दिलीत. मी मोजलीत.”

एवढ्यात घरकाम करणाऱ्या शांताबाई चहा घेऊन आल्या. साठीला आलेल्या, किडकिडीत, पदर कमरेला खोचलेला. सोबत ताटलीत सुरळीच्या वड्या. अनिरुद्धची बायको माहेरी गेली होती, जाताना स्वयंपाकघर त्यांच्यावर सोपवून. त्यांनी कप ठेवले, कॅमेऱ्याच्या वायरीला वळसा घालून आत गेल्या.

पाचेक मिनिटं गेली असतील. अनिरुद्ध एकदम म्हणाला, “अरे, माझं घड्याळ कुठंय? इथे शोकेसवर होतं. बाबांचं घड्याळ आहे ते.”

सगळ्यांनी शोकेसकडे बघितलं. तिथे घड्याळ नव्हतं.

“केस!” हर्षदने टाळी वाजवली. “लाइव्ह केस! कॅमेरा चालू आहे ना? इथे कोण कोण आलं होतं?” आणि मग स्वयंपाकघराकडे बघत, डोळा मारत, “मावशी, जरा बाहेर या.”

शांताबाई हात पुसत आल्या.

“मावशी, चार ते साडेचार तुम्ही कुठे होतात?”

“ओट्यापाशी. आणखी कुठे असणार?”

हर्षद आणि अनिरुद्ध दोघेही हसले. वसुधाताईंनी “अरे, पुरे” असं काहीतरी पुटपुटलं, पण त्यांच्याही ओठांवर हसू होतं. चंद्रप्रकाशच्या हातात कप होता. तो त्याने ना खाली ठेवला, ना तोंडाला लावला.

“साक्षीदार घाबरलेला दिसतो,” हर्षद कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला. “मावशी, तुमची पिशवी दाखवा बघू.”

शांताबाईंनी अनिरुद्धकडे बघितलं. “दादा, तुम्ही पण म्हणताय?”

“दाखवा ना मावशी, दोन मिनिटांचं काम.”

त्या आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. हर्षदने ती टीपॉयवर, चहाच्या कपांच्या शेजारी उपडी केली. रिकामा स्टीलचा डबा निघाला. रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. अंगठा तुटलेली चप्पल. एक जुना, धुऊन धुऊन विरलेला परकर. आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या चार सुरळीच्या वड्या.

“एव्हिडन्स नंबर वन!” हर्षदने पुडी कॅमेऱ्यासमोर धरली.

“वहिनींनी सांगितलं होतं घेऊन जायला,” शांताबाई म्हणाल्या. त्यांनी परकर पटकन उचलून पाठीमागे धरला.

चंद्रप्रकाशची आई पंतनगरच्या बिल्डिंगींमध्ये भांडी घासायची. रोज घरी निघताना ती गेटपाशी थांबायची आणि वॉचमनने विचारायच्या आत आपली पिशवी स्वतःच उलटी करून झटकायची. लहानपणी त्याला वाटायचं, आईला स्वच्छतेची आवड आहे. खरं कारण कळलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि ते कळल्याचं त्याने आईला कधीच सांगितलं नाही.

हर्षदच्या बोटांना लागलेलं वडीचं तेल, कपांवरची साय, अनिरुद्धच्या हसण्यातले दात, सगळंच त्याला बघवेना. आणि ते बघवत नसताना त्याला एक गोष्ट दिसली, इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप दिसली.

तो उठला. कप ठेवला.

“घड्याळ अनिरुद्धकडे आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“वस्तू हरवली की माणूस पहिल्यांदा स्वतःचा खिसा चाचपतो. मग उठतो, शोधतो. तू जागचा हलला नाहीस. बाबांचं घड्याळ गेलं आणि तू कॅमेऱ्यात फ्रेम नीट दिसते का ते बघत होतास. दे.”

अनिरुद्धने पाठीमागच्या उशीखालून घड्याळ काढलं आणि हसत हसत वर धरलं.

“मानलं सीपी! झकास! मी दहा मिनिटांनी काढणार होतो. लाइव्ह केस, सरप्राइज, व्हिडिओचा एंड. तू लवकर सोडवलीस यार.”

“मावशींना माहीत होतं?”

“मग मजा काय राहिली असती? अरे, बारा वर्षं आहेत त्या आमच्याकडे. घरच्याच आहेत. मावशी, राग नाही ना आला?”

शांताबाई टीपॉयवरच्या वस्तू पिशवीत भरत होत्या. चंद्रप्रकाश वाकून खाली पडलेली गोळ्यांची पट्टी उचलायला गेला.

“हात नका लावू,” त्या म्हणाल्या.

त्याने हात मागे घेतला.

“तुम्हाला कळलं होतं ना?” त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं. “मग पिशवी उपडी व्हायच्या आधी का नाही बोललात?”

तेव्हा कळलं नव्हतं, असं तो म्हणू शकला असता, आणि ते खरंही होतं. पण बोलायला घड्याळाचा पत्ता लागायची गरज काय होती? शांताबाईंनी चपला घातल्या, पुडी तिथेच टीपॉयवर ठेवली आणि दारातून म्हणाल्या, “भांडी राहिलीत, दादा. ती घासा तुम्ही.”

त्या गेल्यावर चंद्रप्रकाशने कॅमेरा बंद केला. “पुसून टाक,” तो म्हणाला.

“अरे चिल ना. एवढं काय झालं? गंमत होती.”

“माझ्यासमोर पूस. नाहीतर मी इथून हलत नाही.”

तो खरोखर हलला नाही. वीस मिनिटं तसाच उभा. शेवटी वैतागून अनिरुद्धने व्हिडिओ पुसला, वर म्हणाला, “तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्ट मनाला लागते.” यातले ‘तुम्ही लोक’ कोण, ते चंद्रप्रकाशने विचारलं नाही. त्याने वही उचलली आणि जिना उतरला. गल्लीच्या कोपऱ्यावर, गटाराच्या कडेला, त्याला खरोखरची ओकारी झाली.

घरी येऊन त्याने माधुरीला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

“पिशवी उपडी केल्यावर तुम्ही किती वेळ बसून होतात?”

“दोन-तीन मिनिटं असतील.”

“खूप झाली,” ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

त्या आठवड्यात ग्रुपवर निकाल आला. सर्वोत्तम भाग, तिसरा. खाली हर्षदचे हसरे चेहरे. चंद्रप्रकाशने एकच निरोप लिहिला, मराठीत: माझ्या यादीत तिसरा भाग चौदावा आहे. एका बाईला न ऐकता चोर ठरवण्यात काही कौशल्य नाही, आणि ते तुम्ही परवा आपल्या घरात करून दाखवलंत. मग तो ग्रुपमधून बाहेर पडला.

वसुधाताईंचा फोन आला. “चंद्रप्रकाश, झालं ते वाईटच झालं हो. पण मुलं आहेत ती. पुढची बैठक माझ्याकडे ठेवू या का?”

“चाळिशीतली मुलं,” तो म्हणाला. “ताई, आपण दोघंही तिथे बसलो होतो. शांताबाई कुठे राहतात ते माहीत आहे तुम्हाला?”

माहीत होतं. शांताबाई त्यांच्याही इमारतीत काम करायच्या. “पण तुम्ही कशाला जाताय? उगाच वाढवू नका,” असं म्हणत त्यांनी पत्ता दिला. तुम्हीही चला, असं तो म्हणाला, तर त्यांना त्या दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

पुढच्या रविवारी तो एकटाच गेला. अंधेरीच्या अंगाला, वस्तीच्या आतल्या बोळात खोली. शांताबाईंनी दार अर्धं उघडलं. ओळखलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

“मी माफी मागायला आलोय.”

“तुम्ही कशाला? पिशवी त्या दुसऱ्याने सांडली.”

“मी बघत बसलो.”

त्या म्हणाल्या, “ते काम मी सोडलं. वहिनी दोनदा आल्या बोलवायला. म्हटलं, बारा वर्षांत तुमच्या घरातली एक सुई इकडची तिकडे नाही केली, आणि तुमच्या नवऱ्याला माझा खेळ करावासा वाटला. आता नाही यायचं. दुसरी दोन घरं मिळालीत.” आतून दुधाचा वास आला तशा त्या वळल्या. “बरं केलंत आलात ते. दूध उतू जातंय.” दार लागलं.

त्याला हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने पाचवा भाग लावला, त्याचा लाडका. मिठागर, कोठार, टेप. पण पहिल्याच खोलीत त्याचा हात थांबला. नोरा पहारेकऱ्याच्या झोपडीत शिरते, त्याची ट्रंक उघडते, कपडे उपसते, त्याला विचारतसुद्धा नाही. वीस वर्षं तो या ट्रंका उघडत आला होता. यात काही चुकीचं आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. त्याने वहीतलं पाचव्या भागाचं पान काढलं आणि बावीस फूट, एकोणीस फूट यांच्या खाली लिहिलं: पहारेकऱ्याची ट्रंक. परवानगी नाही. चूक.

“पप्पा, मग आता बेस्ट कुठला?” श्रुतिकाने विचारलं.

“सगळे परत तपासावे लागतील,” तो म्हणाला.

जूनपर्यंत त्याचे सात भाग तपासून झाले होते. मधे एकदा हर्षदचा मेसेज आला: सीपी, पंधरावा पार्ट आलाय, एकदम झकास, येतोस का खेळायला? चंद्रप्रकाशने तो वाचला. तोंडात परत तीच कडू चव आली. त्याने हर्षदचा नंबर काढून टाकला आणि मरोळच्या बससाठी घराबाहेर पडला.