तात्यांनी वाळवंटातून आणलेलं अंगण

कॉलेजातला तास संपवून बाहेर आले, तोच चुलतभावाचा फोन. "ताई, तात्या गेले..." आठवडाभरापूर्वीच दवाखान्यात भेटले होते. दुखण्याबद्दल एक शब्द नाही, चिंता सोसायटीच्या अंगणाची. "माज्या मागं दारात कोन वरडंल गं?"

सोपानतात्या माझे चुलते. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तीही इतिहासाची, आणि तिचे पेढे गावभर वाटले ते तात्यांनी. दुष्काळातल्या एका वर्षी सोसायटीची सहल राजस्थानला निघाली, तेव्हा मीच बजावलं होतं, जैसलमेरचा किल्ला बघा, आत अजून माणसं राहतात. जयपूरला झरोक्यांचा हवामहाल चुकवू नका.

परतल्यावर ओट्यावर बसून सांगू लागले, "किल्ला लई भारी. उन्हं कलली की सोन्यावानी दिसतो. पन माजा जीव आडकला गडीसर तळ्यात. राजानं बांदलेलं. आख्खं शहर त्याच्यावर जगलं, उंटांचे तांडे तिथं पानी पिऊन फुडं गेले."

"आणि हवामहाल?"

"वारं आपल्याकडं कमी हाय व्हय?"

पुढं एका खेड्यात त्यांनी टांका पाहिला. चुन्यानं लिंपलेलं उतरतं अंगण, मधोमध जमिनीखाली झाकलेली टाकी. चार सरी पडल्या तरी थेंब न् थेंब आत. त्या अंगणात ना जनावर जायचं, ना कुणाची चप्पल.

इकडं सोसायटी बंद पडायच्या बेताला आली होती. विहिरी आटलेल्या, टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना. किटल्या धुवायच्या कशानं? शीतकेंद्रावरून नासलेलं दूध परत यायचं. माणसं ऊसतोडीला गेलेल्या घरांत म्हातारी माणसं दुधाच्या पैशावरच तगून होती. तात्यांनी बैठकीत टांक्याचा विषय काढला, तर एक संचालक हसत म्हणाला, "चेअरमन, लोक राजस्थानातून रजई आनत्यात, तुमी खड्डा आनला!"

"रजईत किटल्या धुशील का बे?"

गावानं सोसायटीच्या दारातच श्रमदानानं खोदलं, रशीद मिस्त्रीनं आतून बांधून वर चुन्याचं अंगण लिंपून दिलं. पुढचा पावसाळाही कंजूषच निघाला, पण टांका भरला. किटल्या उन्हाळाभर धुतल्या गेल्या, सोसायटी तगली. तेव्हापासून तात्यांची खुर्ची दारात आणि आवाज पार चावडीपर्यंत, "पायतान काड बे!" तालुक्याच्या पुढाऱ्यालाही त्यांनी बूट काढायला लावले. वर सांगितलं, "सायेब, राजाच्या मुलखातबी असंच हाय."

तेरावं झाल्यावर सकाळी सोसायटीत गेले. दारातली खुर्ची रिकामी. तेवढ्यात दुधाच्या टेम्पोचा नवा ड्रायव्हर फोनवर बोलत तसाच आत निघाला. मी काही म्हणायच्या आत दूध घालायला आलेल्या बाया एका सुरात कडाडल्या, "पायतान काड बे!" तो दचकून मागं सरला. एक म्हातारी मात्र माझ्याकडं बघून हसत होती. खाली पाहिलं... माझ्या चपला केव्हाच माझ्या हातात होत्या.