सुनंदाचा क्लच

या सदरातले भुताखेतांचे अनुभव माझी मुलगी सुट्टीत घरी आली की मोठ्याने वाचायची आणि मी पेपर तोंडासमोर धरून न ऐकल्यासारखं करायचो. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस, बाहेरची बाधा हे सगळं बंद आहे. मी स्वतः एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये वजनकाटा आणि स्टॉक सांभाळतो. जे काट्यावर येत नाही ते माझ्या लेखी नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. आजही म्हणतो... फक्त पूर्वीइतक्या मोठ्या आवाजात नाही.

आम्ही अकोल्यात, जठारपेठेच्या मागच्या बाजूला राहतो. घरापुढे पोर्च, पोर्चला लोखंडी चॅनल गेट, गेटला आतून कुलूप. किल्ली माझ्या उशीखाली. सध्या घरात मी एकटाच. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "गल्लीतली पोरं असतील" असं कोणी लिहायला नको.

पत्नी सुनंदा आरोग्यसेविका होती. तिचं उपकेंद्र खारपाणपट्ट्यातल्या एका गावी. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत स्कूटीची लहान चाकं रुततात, म्हणून तिने मोटरसायकल घेतली आणि ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून ती नोकरी संपेपर्यंत, म्हणजे तिच्या बाबतीत आयुष्य संपेपर्यंत, चालवली. उंची बेताची, हात लहान. बांगड्या घ्यायला गेलो की दुकानदार सगळ्यात खालचा डबा काढायचा.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं – क्लच. क्लचचं लिव्हर दाबताना सुरुवातीला थोडं मोकळं येतं, त्याला प्ले म्हणतात. गाडीच्या पुस्तकात तो लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर दिला आहे. मी पंधरा ठेवायचो. सुनंदाला चाळीस लागायचा. लिव्हर लांब असताना तिची बोटं नुसती टोकाला अडकायची, जोर लागायचा नाही. ते आधी मोकळंच मुठीजवळ यावं आणि मग क्लच धरावा, असं तिचं म्हणणं. रविवारी मी गाडी धुवायचो आणि हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबल कमीजास्त ताणायचा स्क्रू, पुस्तकाप्रमाणे फिरवायचो. सोमवारी सकाळी ती पाना घेऊन तो परत आपल्या हाताप्रमाणे करायची.

"अवं, इतका ढिल्ला ठेवला तर गिअर खराब होते," मी म्हणायचो.

"गाडी तुमचं पुस्तक चालवते का मी चालवून राहिली?"

"कंपनीवाले येडे आहेत का?"

"त्याइनं माहे हात पाह्यले नाही ना. तुमी तं पाह्यले!"

असं वर्षानुवर्षं. दोघांपैकी कोणीच माघार घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली, ती बिघडली, आणि महिन्याच्या आत सुनंदा गेली. गाडीवर मी तिचीच जुनी चादर टाकली.

यंदा आमची मुलगी पल्लवी कृषी सहायक म्हणून लागली. अमरावतीला खोली घेऊन राहते, रोज खेड्यांवर फिरते. एक दिवस तिचा फोन आला, "बाबा, आईची गाडी मले पायजे. ऑफिसातल्या मॅडमच्या गाडीवर शिकली मी. वावराच्या रस्त्यानं स्कूटीचं काम नाही."

मी चादर काढली. क्लच दाबला तर केबल तुटूनच हातात आली, आत गंज चढलेला. शनिवारी मिलमधून आल्यावर नवी केबल टाकली. टाकीखालून जुन्याच मार्गाने नेली, कुठे मुरड पडू दिली नाही, दोन्ही टोकं नीट बसवली. गाडी सुरू केली, गिअर टाकून पाहिले. स्टीलच्या पट्टीने प्ले मोजला. पंधरा. अ‍ॅडजस्टर जागचा फिरू नये म्हणून त्यावरचा लॉकनट पान्याने कसला.

सकाळी जाताजाता सहज लिव्हर दाबलं. अर्ध्याच्या पुढे मोकळंच आलं. पट्टी लावली. चाळीस.

नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, हे मला माहीत आहे. पुन्हा पंधरा केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा चाळीस. मग खालची बाजू तपासली – इंजिनजवळचे नट घट्ट, केबलची टोपी खाचेत बरोबर, हँडल दोन्हीकडे वळवलं तरी फरक नाही. कुठेच सैल नव्हतं. तेव्हा मिलमधून व्हाइटनर आणलं आणि अ‍ॅडजस्टर व लॉकनट यांच्यावरून एक सरळ पांढरी रेघ ओढली. सकाळी नट घट्टच होता, पण रेघ जुळत नव्हती. अ‍ॅडजस्टर आत गेला होता, म्हणून केबल ढिली. केबल ताणली गेली तर ढील येईल, पण स्क्रू कसा फिरेल? आणि फिरल्यावर नट परत कोण कसेल?

गाडी अज्जू मिस्त्रीकडे नेली. त्याचं गॅरेज आमच्या घराजवळच आहे. त्याने सगळं खोलून पाहिलं, क्लचप्लेटा तपासल्या, स्वतः प्ले लावला, स्वतः नट कसला.

"काका, गाडी एकदम ओके. आपका हाथच ढिला हो गया अब!"

"आता तू कसला ना? मग उद्या पाहू."

"उद्या ढिला निघाला तर मी दुकान बंद करतो, लग्न लावणं सुरू करतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडी दाखवली. त्याने लिव्हर दाबलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काका, गेटची डुप्लिकेट किल्ली कोणाकडं हाय?" कोणाकडे नव्हती. त्यानंतर त्याने या विषयावर माझी मस्करी केली नाही. लग्नंही लावली नाहीत.

एक शक्यता उरत होती, आणि प्रामाणिकपणे ती लिहायला हवी. मीच झोपेत उठून करत असेन. म्हणून घरातला पाना आणि पक्कड दोन्ही मिलमधल्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली. त्या दिवशी प्ले लावायला अज्जूकडेच गेलो, पाना घरी आणलाच नाही. सकाळी चाळीस.

यापुढचं सांगायला मला जरा जड जातं. मी कारण शोधणं थांबवलं. पाना ड्रॉवरमधून परत आणला. संध्याकाळी मिलमधून आलो की हातपाय धुऊन पोर्चमध्ये बसायचो, प्ले पंधरावर आणायचो आणि मोठ्याने म्हणायचो, "घे. पुस्तकापरमाने." सकाळी उठलो की चहा ठेवायच्या आधी गेटपाशी जायचो. पट्टी लावणंही सोडलं होतं. लिव्हरवर नुसता हात ठेवायचा... ते मोकळं, अगदी मोकळं मुठीपर्यंत यायचं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी उलट बोललं असं वाटायचं. वास नाही, आवाज नाही, सावली नाही. तुमच्या सदरात जे असतं त्यातलं काहीच नाही. एवढंच.

पल्लवीचे फोन येत होते. "बाबा, कधी आणता? मी रोज कोणाच्या ना कोणाच्या मागं बसून जाऊन राहिली."

"क्लचचं काम बाकी आहे, बेटा."

"केबल टाकाले इतके दिवस लागते का?"

"नीट झाल्याशिवाय कशी देऊ?"

गाडी केव्हाच नीट झाली होती. मलाच द्यायची नव्हती. गाडी गेली तर सकाळी गेटपाशी कशासाठी जाऊ?

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. खेड्याहून परतायला काहीच मिळालं नव्हतं, फाट्यापर्यंत पायी आली होती. "काही नाही, सहज केला फोन," म्हणाली. आवाज थकलेला. सुनंदाही अशीच थकून यायची आणि "काही नाही" म्हणायची. त्या संध्याकाळी मी अ‍ॅडजस्टरला हात लावला नाही.

सकाळी तसाच निघालो. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती – साधारण शंभर किलोमीटर. सगळा रस्ता सुनंदाच्या क्लचवर. माझ्या हाताला तो अजिबात जमला नाही. लिव्हर पार मुठीला टेकेपर्यंत दाबावं लागायचं, बडनेऱ्याच्या गर्दीत दोनदा गिअर कुरकुरला, एकदा गाडी बंद पडली. ठरवलं होतं, पोचलो की पुस्तकाप्रमाणे लावून मगच पोरीच्या हातात द्यायची. पाना खिशात होता.

पल्लवी खाली उभीच होती. मी पाना काढेपर्यंत ती गाडीवर बसली.

"थांब, मले पह्यले क्लच लावू दे."

"पाहू तं द्या!" तिने लिव्हर दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. गिअर टाकला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, एकही धक्का न देता. "बाबा! मॅडमच्या गाडीचं लिव्हर इतकं लांब आहे का दुपारपर्यंत बोटं दुखते. हे तं सरळ मुठीत येते. तुमी माह्या हातासाठी लावून आणली?"

मी तिचे हात पाहिले. रोज पाहिलेले हात, पण ते लहान आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मुलीच्या बोटांचं माप माझ्याकडे नव्हतं. मी सगळ्यांसाठी पंधराच ठेवणार होतो.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

बसने परत आलो. त्यानंतर आठवडाभर मी तिला सकाळी फोन करत होतो. "क्लच कसा आहे?" तर, "जसा आणला तसा." एकदा म्हटलं, रात्री थोडा टाइट करून ठेव, सकाळी सांग. तिने केला. सकाळी म्हणाली, "टाइटच होता. मग मीच ढिल्ला केला. काहून विचारून राहिले रोज?"

म्हणजे आता होत नाही. यावर मी खूप विचार केला. जे काही होत होतं, ते माझ्या पोर्चमध्ये होत होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. गाडी पोरीच्या हाताला लागेपर्यंतच होतं. मी संध्याकाळी पंधरा करून "घे" म्हणायचो ते कोणी ऐकत होतं की नाही, कोण जाणे. काम तेवढं करून जात होतं. तिचा स्वभावच तसा होता... कामाच्या घरी चहालाही थांबायची नाही.

वाचकांपैकी कोणी या कामातले जाणकार असतील आणि बंद घरात लॉकनट आपोआप सुटून परत घट्ट होण्याचं काही तांत्रिक कारण त्यांना माहीत असेल, तर जरूर कळवावं. मी तपासून पाहीन. मला अजून कारण सापडलेलं नाही.

मिलमध्ये जायला गेल्या महिन्यात मी एक गाडी घेतली. शोरूमवाल्याने वयाकडे पाहून स्कूटर सुचवली, तीच घेतली. सकाळी पोर्चमध्ये गेलो की सवयीने डावा हात हँडलकडे जातो. तिथे ब्रेक आहे. स्कूटरला क्लच नसतो.