कदम, कदम बदल!

१९४३ साली आमची पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणार होती. त्याआधी रजा मिळाली. निघताना ॲडज्युटंटने बजावलं, "परत याल त्या शनिवारी मेसमध्ये बॉल आहे. पहिल्या डान्सला प्रत्येक ऑफिसर फ्लोअरवर दिसला पाहिजे."

शेजारचा गोरा मेजर हसला. "मग भिंती कोण धरणार?"

रोख आम्हा दोघा हिंदी लेफ्टनंटांवर होता. मागच्या बॉलला आम्ही संध्याकाळभर भिंतीला पाठ लावून उभे होतो. ट्रेनिंग स्कूलमध्ये वॉल्ट्झ शिकवला होता, पण तो केव्हाच विसरलो होतो.

दुसरा लेफ्टनंट माधव कदम, डोंगरकडा गावचा. बॉक्सिंगमध्ये नाक फुटलं तरी हूं की चूं करणार नाही, पण कुणी हसलं की गडी पार विरघळायचा. रजेत तो आमच्या गावी, साखऱ्याला आला तो एकाच कामासाठी, नाचाच्या उजळणीला.

ज्वारीची रास घरी गेली होती, खळं मोकळं होतं. बाजा नव्हता. मीच तोंडाने एक-दोन-तीन म्हणत होतो. माधव बुटका, म्हणून बाई तो झाला. पुरुष डावा पाय पुढे टाकतो, बाई उजवा मागे घेते. जरा जमू लागलं तोच माझे वडील आले.

"काहून रे, काय करून राहिले तुमी? कुस्ती म्हणावं तं कोनीच पडून न्हाई राहिलं."

"आबा, सायबाचा नाच हाय. पलटणीत करावा लागते."

"आन् बाई कुठं हाय?"

"मीच," माधव म्हणाला. आबांसोबत आलेली सगळी गडीमाणसं हसली. माधवचं तोंड उतरलं. "मी आजारी म्हणून सिक रिपोर्ट करतो," तो मला म्हणाला. "गोऱ्याइच्या म्होरं हसू न्हाई करून घ्यायचं मला." मी त्याला सोडला नाही. रजा संपेपर्यंत रोज घोटून घेतलं.

शनिवार आला. मेस ड्रेस घालून आम्ही उभे राहिलो. मला मिलिटरी हॉस्पिटलची एक सिस्टर मिळाली. माधवसमोर खुद्द कर्नलची मेमसाहेब येऊन उभी राहिली. बँड सुरू झाला. माधवने शिकल्याप्रमाणे उजवा पाय मागे घेतला. मेमसाहेबनेही उजवा मागे घेतला. दोघं हात ताणून, समोरासमोर, फ्लोअरच्या मधोमध अडकले.

मेजर खिदळला. माधवचे कान लाल झाले. त्याची नजर दाराकडे गेली. आता हा पळतो, असं मला वाटलं, आणि परेडचा आवाज तोंडातून सुटला.

"कदम, कदम बदल!"

माधव जागेवर ताठ झाला, ड्रिलसारखा पाय बदलला आणि म्हणाला, "मॅडम, अगेन?" कर्नल पोट धरून हसला. सगळा हॉल हसला. आणि माझा माधवही हसला, अगदी मोकळा. मग डावा पाय पुढे टाकून तो असा नाचला की मेजर बघतच राहिला. माझी छाती फुगून आली होती. सिस्टरच्या पायावर मी दोनदा पाय दिला, त्याचंही भान नव्हतं.

ब्रह्मदेशात एका पहाटे माधवच्या प्लाटूनला टेकडी घ्यायचा हुकूम झाला. तो सगळ्यांच्या पुढे चढला. वायरलेसवर त्याच्या हवालदाराचा आवाज आला, "कदमसाब गिर गये. टेकडी हमारी है. ओव्हर."

लढाई संपल्यावर मी डोंगरकड्याला गेलो. टेकडीची हकीकत माधवच्या आईला सांगितली. ती खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "लाजाळू व्हतं रं माझं पोरगं. गोऱ्याइच्या म्होरं खाली मान घालून तं न्हाई ना राहिलं कधी?"

"न्हाई मावशी. कर्नलच्या मेमसाहेबासंग नाचला तो. सगळे बघून राहिले व्हते."

तिने पदराने डोळे पुसले. उठून कुडापाशी गेली आणि शेजारणीला हाक मारली, "ये वं इकडं, ऐक." मग माझ्यासमोर येऊन बसली.

"व्हय, आता सांग. पहिल्यापासून सांग."