म्हशींपुढं पाठ केलेला शब्द

मला अजून राग येतो. चुलत्यांचा येतोच, पण त्याहून जास्त त्या शब्दाचा येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंचरला मोतीबिंदूचं फुकट शिबिर होतं. आमच्या खोडदहून, जिथं तेव्हा पुण्या-मुंबईचे साहेब आकाशाची मोठी दुर्बीण उभारत होते, आईचा आणि माझ्या धाकट्या चुलत्यांचा, दोघांचाही नंबर लागला होता. चुलत्यांची जीप होती, म्हणजे अडचण काहीच नव्हती. पण शिबिराच्या दिवशी नेमकी अमावास्या आली. आमच्याकडं तिला अवस म्हणतात. अवसेला आम्ही औत जुंपत नाही, विहिरीला सुरुंग लावत नाही. आता डोळेही उघडायचे नव्हते.

"अवसंला जीप भाईर निघत नाय," चुलते पारावर चारचौघांत म्हणाले. "डोळं काय पळून चाल्लं न्हाईत."

त्यांना गोडीत घ्यायला हवं होतं. जीपला लिंबू-मिरची बांधून चार वेळा 'नाना, नाना' केलं असतं तर आले असते. पण मी नुकताच पदवीधर झालेलो, आणि रविवारच्या पुरवणीत एक शब्द वाचलेला. तेरा तारखेच्या शुक्रवारला घाबरणाऱ्या माणसासाठी गोऱ्यांनी केलेला. गोठ्यात म्हशींपुढं तो पाठ केला होता. म्हशींनी काही दाद दिली नव्हती.

"नाना, तुम्ही पॅरास्केविडेकाट्रायाफोब आहात."

मग एक म्हातारा म्हणाला, "दुर्बिनीवाल्या सायबांनी शिकवलं का रं ह्ये?" सगळे हसले. चुलते हसले नाहीत.

"त्यात आमची अवस बसती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. शुक्रवारच बसतो."

"मंग शुकीरवारी ये. आन येवढं मोठं तोंड हाय तुझं, त्यातच बसवून ने आईला."

नेली. लुनावर नेली. आई मागं माझा शर्ट घट्ट धरून बसलेली, आणि मी चढावर पायडल मारत चुलत्यांना शिव्या देत होतो. शिबिरात निम्म्या खाटा रिकाम्या. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "आम्ही पुण्याहून यायचं, आणि तुम्ही अमावास्या पाळायची?" जणू ती मीच आणली होती. आईचा डोळा मात्र दुपारच्या आत झाला.

पुढच्या शिबिराला अवस नव्हती. तरी चुलते गेले नाहीत. "त्या पोरानं चारचौघांत माझा आपमान केला," म्हणाले, "आता तर नाहीच." त्यांचा एक डोळा पार गेला, दुसऱ्यानं नुसता उजेड कळायचा.

मग रोज सकाळी आमच्या ओट्यावर यायचे. "वैनी, कॅलेंडरात बघा जरा, अवस कवा हाय."

आई चष्मा लावून, बोट ठेवून वाचायची. "बेस्तरवारी हाय, भाऊजी."

मी आत दातओठ खात बसायचो. परत मिळालेल्या डोळ्यानं ती या माणसाची अवस राखत होती, आणि वर खरं सांगत होती. मी असतो तर रोजच अवस सांगितली असती. बसा म्हणावं घरात.