आत्याचं हसू

काल रिक्षात एक जुनं गाणं लागलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गल्लोगल्ली वाजलेलं. दुसऱ्या कडव्याआधी त्यात एक बाई खळखळून हसते. तिथे रिक्षावाल्याचा चेहरा आरशात उजळला. मी शेजारी बसलेल्या आत्याकडे पाहिलं. ते हसू तिचं आहे.

आत्या तेव्हा कोरसमध्ये गायची. रेकॉर्डिंग चालू असताना शेजारी उभ्या गायिकेने सूर चुकवून जीभ चावली आणि आत्याला हसू आवरेना. सगळे वादक थांबले. आता आपलं काम गेलं, असं तिला वाटलं. पण संगीतकार काचेमागून बाहेर आले नि म्हणाले, "बाई, असंच पुन्हा हसाल?"

कॅसेटवर तिचं नाव नव्हतं. गाजलेल्या किती गाण्यांत असं कुणाकुणाचं बिननावाचं काही मिसळलेलं असेल!

मला राहवेना. "दादा, ती हसणारी बाई ही बघा, माझी आत्या."

त्याने रिक्षा कडेला घेतली आणि वळून हात जोडले. "आई शेवटच्या आजारात हेच गाणं लावायला सांगायची. तेवढ्यापुरती हसायची."

आत्या ताठ बसली. "अजून काय आवडायचं रे तिला?" तिने विचारलं. "सांग, मी गाते."