अण्णांची केरिस

हत्यारांचा नाद असलेली माणसं दर रविवारी एकत्र बसली की हत्यारं कमी आणि किस्सेच जास्त जमतात. धाराशिवातल्या आमच्या कट्ट्याचं तेच झालंय. आमचे जज म्हणजे पाटील सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. खिशात भिंग असतं, पण निकाल नाकानंच! पात्याचा वास घेऊन सर ‘अस्सल’ म्हणाले की अस्सल.

*

एकदा तेरचा एकजण ऐटीत भाल्याचं पातं घेऊन आला. सरांनी नाक लावलं. “पेंडीचा वास येतोय!”

“म्हशीचा खुंटा हाय सर. पण आज्जाच्या वक्ताचा हाय!”

*

उमरग्याच्या अण्णांचं हायवेला टायरचं दुकान. मुलगा मलेशियात नोकरीला. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं त्याला आशीर्वाद म्हणून केरिस दिली. केरिस म्हणजे तिकडची नागमोडी पात्याची कट्यार. म्यानाचं तोंड नावेसारखं, मूठ मान खाली घातलेल्या पाखरासारखी.

मुलानं ती घरी पाठवली. ती बघून अण्णांनी लगेच त्याला फोन लावला. “मूठ वाकडी बसलीय, बदलून दे म्हणावं!”

“अण्णा, ती तशीच असती!”

*

सरांनी वास घेतला. “वार्निश. टुरिस्ट माल!”

अण्णांना फार लागलं. चहा तसाच ठेवून उठले. “प्रेमानं दिलेली चीज खोटी कशी असंल हो?”

पुढच्या रविवारी पुन्हा हजर. अस्सल केरिसच्या पात्याची वळणं विषम संख्येत असावी लागतात, असं त्यांना मुलानं सांगितलं होतं. सगळ्यांसमोर मोजली, विषमच निघाली!

सर म्हणाले, “नकली करणाऱ्यालाही मोजता येतं!”

*

मग अण्णांनी केरिस सोनारीला भैरवनाथाच्या पायाशी ठेवायला नेली. आम्हीही गेलो. तिथल्या माकडानं म्यान पळवलं, शिखरावर बसून हुंगलं आणि खाली फेकून दिलं.

अण्णा सरांकडं वळले. “तुमच्यातलंच दिसतंय!”

*

मुलाचं लग्न निघालं. नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार लागते. अण्णांनी हट्टानं केरिसच दिली. हळदीपासून लिंबाचा रस पात्यावर ओघळत होता.

अक्षता पडल्या आणि पहिल्या रांगेतले सर ताडकन उठले. पात्यावरची काजळी निघून पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी वर आली होती. थरावर थर ठोकलेलं लोखंड!

नवरदेवानं कट्यार खाली ठेवायची नसते. मग काय, सरच भिंग घेऊन स्टेजवर! भटजींनी मंगळसूत्र मागितलं, तर अण्णांनी ते मुठीत घट्ट धरलेलं. “थांबा गुरुजी, आधी सरांचं होऊ द्या!”

सरांनी या वेळी नाक लावलंच नाही. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, “अण्णा, चुकलो. वार्निश म्यानाचं होतं. पातं अस्सल आहे.”

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मूठ उघडली.

पुढं अल्बम आला. हार घालताना सर, कन्यादानाला सर, नवरा-नवरीच्या मधोमध सरांचं टक्कल! नव्या सुनेनं विचारलं, “मामंजी, हे कोण?”

“हे व्हय? ह्येंनी पास केलं, म्हणून तर तुमचं लगीन पुढं सरकलं!”