डिझलच्या दांडीवरचा हात

आमच्या चार गावांत इंजिनाचा माह्याएवढा जानकार दुसरा नाई. वयनी गेल्याचा फोन आला तवा मी बांधावर घामेघूम होऊन पान्याच्या इंजिनाले हँडल मारत होतो, आन डिझलचा कॉक बंदच होता.

शांतावयनी, माह्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेला तवा घरात उरलं एक डिझल इंजिन आन त्यावर चालनारं धानाचं मळनीयंत्र. त्याच साली, पहिल्याच खळ्यावर, इंजिनाचा गव्हर्नर बिघडला. गव्हर्नर म्हंजे इंजिनाले जेवन वाढनारा... पेंढी पडून यंत्र जड झालं का पंपातून डिझल वाढवाचं, पेंढी सरली का आखडाचं. तो नसला तं भरल्या यंत्रात इंजिन बंद पडते आन रिकाम्या यंत्रात उधळते. सिंदेवाहीचा मिस्त्री म्हने, परवा येतो. इकडे आभाळ भरून आलेलं. धानाचा मालक नामदेवभाऊ म्हने, "बाई, मी दुसरं मशीन बोलावतो." दुसरं मशीन एकदा गावात आलं असतं का आमचं भंगारातच गेलं असतं.

वयनीनं पदर खोचला, डिझलच्या पंपाची दांडी हातात धरली. "भाऊजी, पेंढी टाकाच्या आधी 'हं' म्हना. तेवढ्यात मी डिझल वाढवीन."

म्या 'हं' म्हनलं, आन नामदेवभाऊले काई तरी गंमत सांगाले वळलो. पेंढी हातातच! इंजिन असं बोंबललं का बाया खळ्यातून पळाल्या. वयनीनं दांडी मागं ओढली. "आता तोंड बंद ठेवा. तुमच्या तोंडाचा भरवसा नाई, मी खांद्याकडेच पाहीन."

मंग दिवसभर ती पाहातच राह्यली. खांदा उचलला का डिझल जास्त, पडला का कमी. हाताले फोड आले तं ओली चिंधी गुंडाळली, पन इंजिनाचा सूर हलू देल्ला नाई. सांजवेळी सारं धान पोत्यात गेलं, तवाच उठली. नामदेवभाऊनं पुढच्या सालचं खळं तिलेच सांगून टाकलं.

नवा गव्हर्नर बसला, तरी तिचा हात दांडीपाशीच राह्यचा. "याले पेंढी पडल्यावर समजते," म्हने, "मले आधीच दिसते."

यंदा ती नाई. तेरवीपासून जो तो विचारून राह्यला, मशीन विकता का? तिची पोरगी मंदा खळं लागलं त्या दिवशी मायच्या जागेवर जाऊन बसली, दांडीवर हात ठेवला आन माह्या खांद्याकडे पाहाले लागली. माह्या डोळ्याले पानी आलं. म्हनलं, "पोरी, तुही माय आन मी, आमी दोघांनी हे मशीन चालवलं..."

"काका," मंदा म्हने, "मायनं चालवलं. तुमी पेंढ्या टाका."